दिवे गेले की आपली आठवण यावी!

मैत्रिणींनो, घरोघरी इन्व्हर्टर-जनरेटर बसवून देण्याचा धंदा पुरुषांचा, असं आपण म्हणतो खरं. पण त्यात गिऱ्हाईक जोडण्याचं काम घरची बाई अधिक चांगलं करू शकते. दिवे गेले की स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी, मुलांच्या अभ्यासात काय अडतं, ते तिलाच ठाऊक!

पत्रकं वाटण्याआधी वही-पेन्सिल घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जा. दोन पंखे आणि तीन एलईडी ट्यूब म्हणजे साधारण २१० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची नवी, पूर्ण भरलेली बॅटरी त्यांना सुमारे पाच तास पुरते. हा हिशेब समोर मांडा. गीझर-इस्त्री त्यावर चालायची नाही, हेही आधीच सांगा. एखादी विक्री हुकेल, पण शब्द राहील.

वीज किती वेळ जाते, तेही विचारा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-दापोलीकडची कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. वीजच नाही, तर इन्व्हर्टरची बॅटरी भरणार कशी? अशा ठिकाणी जनरेटर हवा. पण तो घराबाहेर, मोकळ्या जागी, दारं-खिडक्यांपासून लांब. त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हे न सांगता तो विकणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि बसवून दिलं की संपलं, असं नको. वहीत तारखा मांडून दर तीन महिन्यांनी फोन करा, ‘वहिनी, बॅटरीतलं पाणी बघायला माणूस पाठवू का?’ मग हळदीकुंकवाला चारचौघींत तुमचं नाव आपसूक निघेल!