पाठीवर पडून लढणारा फ्रिट्झ

"आई, मी टीम सोडतोय." शाळेतून आल्या आल्या लेकाने दप्तर सोफ्यावर फेकलं. ओहायोत येऊन आम्हाला चौथं वर्ष. पोरगा अमेरिकन फुटबॉलमध्ये रमला होता. मला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नाही. "काय झालं रे?" विचारलं तर कळलं, समोरच्या टीममधली मुलं रंगावरून बोलतात, पाडून वर तुडवतात. खरं सांगू? राग आला, पण मनातून सुटकाही वाटली. चला, हातपाय मोडायची भीती तरी गेली!

शनिवारी कॅंटनला जायचं आधीच ठरलं होतं. तिथे या खेळाचं 'हॉल ऑफ फेम' आहे. लेक फुरंगटूनच आला. एका अर्धपुतळ्यापाशी मात्र थबकला. नाव होतं फ्रिट्झ पोलार्ड.

घरी येऊन आम्ही दोघांनी त्याच्याबद्दल वाचून काढलं. जन्म १८९४, शिकागो. वडील न्हावी, आई शिवणकाम करणारी. उंची पाच फूट नऊ इंच, वजन जेमतेम पंचाहत्तर किलो. १९१६ मध्ये रोझ बोलच्या मानाच्या सामन्यात ब्राऊन विद्यापीठाकडून उतरलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९१८ पासून पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलांचा प्रशिक्षक. १९१९ पासून अ‍ॅक्रनकडून पैसे घेऊन खेळणंही सुरू. आजची एनएफएल १९२० साली याच कॅंटनमध्ये जन्मली आणि पहिलं विजेतेपद अ‍ॅक्रनने पटकावलं. १९२१ मध्ये तो त्याच संघाचा सहप्रशिक्षक झाला. त्याच्यानंतर एनएफएलमध्ये कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक यायला १९८९ उजाडलं!

पण अ‍ॅक्रनमध्ये कपडे बदलायला त्याला टीमच्या खोलीत जागा नव्हती. मालकाच्या सिगारच्या कारखान्यात तयार व्हायचा, असं त्यानेच पुढे सांगितलं. खाली पडला की तो झटकन पाठीवर वळायचा आणि खिळ्यांचे बूट वर करून पाय झाडायचा. म्हणजे अंगावर उडी घ्यायची कुणाची हिंमत नको.

१९३४ ते १९४५ एनएफएलने एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं नाही. त्या काळात, १९३६ मध्ये, त्याच्या मुलाने बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. फ्रिट्झ १९८६ मध्ये गेला. हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं २००५ मध्ये.

"इतका उशीर?" लेक चिडून म्हणाला. मग बराच वेळ गप्प.

त्याच्या आईचं काय होत असेल, हाच विचार मी करत होते. मशीनवर शिवण घालताना तिचाही जीव मैदानातच असेल ना?

मी लेकाला 'खेळ' म्हटलं नाही, 'सोड'ही म्हटलं नाही. त्याच्या प्रशिक्षकांना मात्र फोन करून सगळं स्पष्ट सांगितलं. रविवारी रात्री बघते तर वॉशिंग मशीनमध्ये त्याची जर्सी फिरत होती.

भीती अजून आहेच हो. पण सोमवारच्या डब्यात दोन पराठे जास्तच भरले.