१,४२,८५७ : फिरत्या अंकांची संख्या
मोठ्या गुणाकारांच्या सरावास १,४२,८५७ ही संख्या फार उपयुक्त आहे. तीस ३ ने गुणिले असता ४,२८,५७१ येतात. २ ते ६ पैकी कशानेही गुणावे, तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरतात. मुलांस ही जादू वाटते. शिक्षकांनी ती तशीच सोडू नये. फळ्यावर १ ला ७ ने भागावे. दशांशस्थळी १४२८५७ येतात व बाक्या अनुक्रमे ३, २, ६, ४, ५, १ उरतात. १ उरताच चक्र पुन्हा सुरू होते. ३ ला ७ ने भागताना त्याच चक्रात एक पायरी पुढून प्रवेश होतो, इतकेच. ७ ने गुणिल्यास मात्र ९,९९,९९९!

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांतही हिची गणना होते. हिचा वर्ग २०,४०,८१,२२,४४९. त्याचे २०,४०८ व १,२२,४४९ असे भाग पाडून त्यांची बेरीज मुलांकडून करवावी.