येळवशीची भज्जी आणि माळेगावचा बाजार

मार्गशीर्ष अमावास्येला लातूरला काम काढून जाऊ नये. दुकानांची शटर खाली असतात, कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी असते आणि एरवी गजबजलेल्या चौकांत वाहतुकीच्या दिव्यांखेरीज फारसे काही हलत नाही. गर्दी असते ती गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर. जीप, ट्रॅक्टर, दुचाक्या, क्वचित एखादी बैलगाडी, आणि प्रत्येकात फडक्याने तोंड बांधलेले एक मडके. ज्यांचे शेत आहे ते आपल्या शेतात जातात. ज्यांचे नाही त्यांना शेजारी, मित्र, कार्यालयातला सहकारी आधीच सांगून ठेवतो, ‘येळवशीला आमच्याकडं यायचं.’

पंचांगात वेळ अमावास्या, बोलीत येळवस. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत हा वर्षातला मोठा सण. सौर तारखेशी त्याचा मेळ बसत नाही. २०२४ या एका इंग्रजी वर्षात तो दोनदा आला, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. पिकाशी मात्र त्याचा हिशेब पक्का आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी या सुमाराला पुरुषभर वाढून निसवलेली असते, काही शिवारांत हुरड्याला आलेली असते. हरभऱ्याला घाटे धरलेले, तुरीच्या शेंगा भरलेल्या, वाल-वाटाणा कोवळा. रानात एवढे हिरवे दाणे वर्षात पुन्हा एकदम मिळत नाहीत.

ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्या टेकवून एक छोटी खोप उभारतात. तिला कोप म्हणतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. लक्ष्मीचीही पूजा होते. पूजा आटोपली की घरातला कर्ता माणूस पिकाभोवती फेरी घालून आंबील आणि नैवेद्य शिंपडतो. हे झाल्याशिवाय कोणी जेवत नाही.

मग पंगत बसते, आणि तिच्यात राज्य असते भज्जीचे. नावावरून तळणीतल्या भज्यांची आठवण होईल, पण त्यांच्याशी हिचा काही संबंध नाही. तुरीचे ओले दाणे, सोललेला हरभरा, वाटाणा, वाल, भुईमुगाचे दाणे, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, जे जे शिवारात असेल ते एका मोठ्या पातेल्यात शिजते. त्याला बेसन लावून घट्टसर केले जाते, चिंचेचा कोळ आणि हिरव्या मिरचीचा, लसणाचा सढळ हात असतो. प्रमाण विचारले तर कोणी सांगणार नाही, कारण ते त्या वर्षीच्या पिकावर ठरते. पाऊस चांगला झाला असेल तर दाण्यांच्या गर्दीत बेसन शोधावे लागते. दुष्काळी साली बेसन वाढते आणि दाणे मोजता येतात. त्यामुळे भज्जीचे पातेले पाहून त्या शिवाराचे साल कसे गेले याचा अंदाज येतो.

जोडीला बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले पिठाचे गोळे, ज्वारीची भाकरी, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ भिजवून आंबवायचे, शिजवायचे, ताकात मिसळायचे, वर लसूण, जिरे, मीठ. रात्रभर मातीच्या मडक्यात राहिली की तिला जो आंबटपणा येतो तो स्टीलच्या डब्यात येत नाही, असे इथल्या बायका सांगतात. ओल्या डाळींचे एवढे जड जेवण दुपारच्या उन्हात पचवायचे तर ताकाची आंबवलेली आंबील हवीच. चवीइतकीच ही पोटाचीही सोय आहे.

हाच सण बिदर, कलबुर्गी, विजयपुरातही आहे. तिथे त्याला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. शेतात नैवेद्य शिंपडण्याला तिकडे चरग म्हणतात, आणि जेवणही याच घरातले, ज्वारी-बाजरी आणि डाळींचे. बिदर, कलबुर्गी, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), नांदेड हे सगळे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत सीमा आखली गेली, तरी पंगतीत ती अजून दिसत नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, या भागाची दुसरी मोठी गर्दी जमते ती नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यातल्या माळेगावात. इतर बहुतेक ठिकाणी खंडोबाचा उत्सव चंपाषष्ठीला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात होतो. माळेगावचा खंडोबा मात्र महिना संपायची वाट पाहतो. पहिल्या दिवशी पालखी निघते, येळकोटचा गजर होतो, भंडारा उधळला जातो. पुढचे काही दिवस माळावर जे चालते ते देवदर्शनापेक्षा कितीतरी पसरलेले असते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार, कुस्त्यांची दंगल, लावणी, तमाशाचे फड, वाघ्या-मुरळी, घोंगड्या आणि शेतीची अवजारे, जिल्हा परिषदेने भरवलेली पशू आणि कृषी प्रदर्शने. वैदू, घिसाडी, गोसावी, वडार अशा भटक्या जमाती वर्षातून एकदा इथे भेटतात. लग्ने जुळवणे, देणीघेणी, जातपंचायतीचे निवाडे हे सगळे पूर्वी याच माळावर उरकले जाई. पंचायतीच्या वाळीत टाकण्यावर २०१७पासून राज्यात कायद्याने बंदी आहे.

गाढवांचा बाजार पाहुण्यांना गमतीचा वाटतो. घेणाऱ्यांसाठी ती वर्षाची गुंतवणूक असते. वीटभट्टी, नदीची वाळू, डोंगरातल्या वाटा, जिथे ट्रॅक्टरचे चाक जात नाही तिथे अजून गाढवच लागते. बैलाच्या बाजारात भाषाच वेगळी. वय वर्षांत सांगत नाहीत, दातांत सांगतात. दुधाचे दात असतील तो अदंत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की जुळलेला. जुळलेला म्हणजे साधारण साडेचार-पाच वर्षांचा. त्यानंतर वय जितके वाढेल तितका भाव उतरत जातो. बोली अनेकदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटे दाबतात आणि शेजारी उभ्या असलेल्याला सौदा कितीला तुटला ते कळत नाही.

या माळावर ज्यांच्यासाठी जाणकार येतात त्या दोन जाती इथल्याच. लाल कंधारी ही शेजारच्या कंधार तालुक्याच्या नावाची, गडद तांबडी, कमी चाऱ्यावर कष्ट काढणारी. देवणी ही लातूर जिल्ह्यातल्या देवणीची, ओढकाम आणि दूध दोन्हींना चालणारी. देवणीत पुन्हा तीन प्रकार. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असतील तर बालंक्या, अंगभर काळे ठिपके विखुरलेले असतील तर शेवेरा. प्रदर्शनात परीक्षक रंग, शिंगे, कपाळ, वशिंड, कास, चाल हे सगळे जातीच्या लक्षणांशी ताडून पाहतात. नंबर आलेल्या वळूच्या मालकाला बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोठा लाभ पुढे होतो. गाई दाखवायला लोक त्याचा पत्ता विचारत येतात, आणि जातीचे शुद्ध बीज गावोगाव पसरते.

फळे, भाजीपाला आणि मसाला पिकांच्या प्रदर्शनाचेही तेच. मोठा भोपळा, केळीचा घड, लांब ऊस, हळदीचे गड्डे मांडलेले असतात. बघणारा शेतकरी आकार पाहून थांबत नाही. वाण कोणता, पाणी किती दिले, बियाणे कुठले, असे विचारतो आणि खिशातल्या कागदावर टिपून घेतो. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि आता दर १८ मे रोजी खरीप मेळावा, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनी रब्बी मेळावा घेते. तिथे शास्त्रज्ञ बोलतात आणि शेतकरी ऐकतात. जत्रेत शेतकरी शेतकऱ्याला विचारतो.

येळवशीची पंगत आणि माळेगावचा बाजार यांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, रब्बी ज्वारी. तिच्या दाण्याची भाकरी आणि आंबील, कोवळ्या कणसाचा हुरडा, ताटाचा कडबा. कडब्याची कोप होते आणि कडब्यावरच देवणी-कंधारी जगतात. नेमकी हीच ज्वारी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मागे सरत गेली.

तिची जागा घेतली सोयाबीनने. खरिपात सोयाबीन, ते निघाले की रब्बीत हरभरा, हा फेरा लातूर-नांदेडकडे रुळला. हिशेब सरळ आहे. २०२५-२६ साठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला, मालदांडी या रब्बी ज्वारीचा ३,७४९. सोयाबीन मळणीयंत्रात जाते, ज्वारी हाताने उपटावी लागते आणि त्या दिवसांत मजूर मिळत नाही. पाखरांचे संकट वेगळेच. गावात सगळ्यांची ज्वारी असे तेव्हा पाखरे वाटली जात. आता दोघातिघांच्याच वावरात ती उभी, म्हणून पंचक्रोशीतले थवे तिथेच उतरतात, आणि पुढच्या वर्षी त्यातलाही एक जण पेरणी सोडतो.

परिणाम ताटात आणि दावणीला दोन्हीकडे दिसतो. भज्जीत हरभरा भरपूर पडतो, पण कोपेसाठी कडबा शेजारच्या शिवारातून आणावा लागतो. सोयाबीनच्या भुशाला कडब्याची सर नाही. चारा विकत घेऊन बैल पोसणे परवडत नाही, मग दारात ट्रॅक्टर येतो. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यभर गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने बंद ठेवावी लागली, तेव्हा विकता न आलेली जनावरे पोसताना लहान शेतकऱ्यांचे हाल झाले. बैलगाडा शर्यतींना मात्र उलट बळ मिळाले. २०१४ ची बंदी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह उठवली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही राज्याचा कायदा मान्य केला, आणि पळणाऱ्या बैलाची किंमत चढली. नांगराच्या बैलाला त्याचा फारसा उपयोग नाही.

ज्वारीकडे परतीची थोडी चिन्हेही आहेत. शहरांत भाकरी पुन्हा मागितली जाते आहे. परभणी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ वाण २०१८ मध्ये दिला. २०२४ मध्ये जालन्याची दगडी ज्वारी, लातूरकडची बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ही यादी नीट वाचली तर ज्वारी, तूर, चिंच, कोथिंबीर अशी येळवशीच्या पंगतीचीच सामग्री आहे. मानांकनाने नाव सुरक्षित होते. भाव वाढेल का, हे ते नाव लावून माल कोण विकतो आणि पैसा शेतापर्यंत किती पोहोचतो यावर ठरेल.

ज्यांना हे सगळे एका फेरीत पाहायचे असेल त्यांनी पंचांगात मार्गशीर्ष अमावास्या शोधून आदल्या दिवशी सकाळी माळेगाव गाठावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लातूरच्या एखाद्या शिवारात असावे. ओळख नसेल तरी चालते, कोपेजवळून जाणाऱ्याला हाक मारायची इथे रीत आहे. निघताना त्या घरच्यांकडे ज्वारीची चौकशी करावी आणि घरात असेल तर वर्षाची दोन पोती त्यांच्याकडूनच भाव ठरवून घ्यावीत. कडबा त्यांच्या गोठ्यात राहील.