अवघड जागेचं दुखणं अंगावर काढू नका

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण अंडकोषाला मार लागला की आपल्यातले अनेक पुरुष खरोखरच गप्प बसतात. म्हणून आज या विषयावर आम्ही मोकळेपणाने लिहीत आहोत.

मार बहुधा साधाच असतो. उधना-लिंबायतच्या गल्लीत खेळताना चेंडू लागतो, खड्ड्यात गाडी आदळून पेट्रोलची टाकी लागते. वृषण गर्भात असताना पोटात तयार होतात आणि मग खाली उतरतात. त्यांच्या नसा पोटाकडूनच येतात. त्यामुळे फटका खाली बसला तरी कळ पोटात जाते, मळमळतं.

अशी कळ साधारण तासाभरात ओसरते. ती ओसरली नाही, सूज वाढली, उलट्या झाल्या किंवा लघवीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. वृषणाला रक्त पुरवणाऱ्या दोरीला पीळ बसलेला असू शकतो. किरकोळ मारानंतरही असं होतं. ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. २४ तास उलटले तर वाचणं कठीण. हा धोका १२ ते १८ वयाच्या मुलांत जास्त असतो, आणि मुलगा लाजून नुसतं ‘पोट दुखतंय’ म्हणतो. आईवडिलांनी स्पष्ट विचारावं. मजुरा गेटचं न्यू सिव्हिल किंवा उमरवाड्याचं स्मीमेर गाठावं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

मार बरा झाला तरी आठवडेच्या आठवडे मंद दुखत राहिलं, तर त्यामागे वृषणामागच्या नळीची सूज, साचलेलं पाणी, फुगलेल्या शिरा, हर्निया, मुतखडा किंवा कंबरेची दबलेली नस असू शकते. कधी मार फक्त निमित्त ठरतो आणि आधीची गाठ हाताला लागते. कडक गाठ दुखत नसली तरी लगेच दाखवा. हाताने तपासणी, लघवीची तपासणी आणि डॉपलर सोनोग्राफी यांतून बरंच कळतं.

३ महिन्यांहून जास्त चाललेलं दुखणं जुनाट समजतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. नसा हळव्या झालेल्या असतात. त्यावर नसेच्या दुखण्याची औषधं, व्यायामोपचार, गरज पडल्यास नसेजवळ भुलीचं इंजेक्शन असे उपाय आहेत.

साध्या मारावर घरी आराम करावा, घट्ट आधार देणारी चड्डी वापरावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं लावावा आणि पॅरासिटामॉल घ्यावं. बर्फ थेट कातडीवर नको, मालीश तर मुळीच नको. दुखणं थांबेपर्यंत जड ओझं आणि लांबची मोटारसायकल टाळावी.

घरातल्या बायकांनाही विनंती: माणूस चिडचिडा झाला, चालताना अवघडला, तर रागावण्याआधी विचारून पाहा. डॉक्टरांना यात नवल काहीच नसतं; लाजेपायी उशीर मात्र महागात पडतो.