आपला मेल, आपला सर्व्हर – लेखांक ५ : आलेली पत्रं ठेवायची कशी?

डोमेन घेऊन झालं, आता सॉफ्टवेअर. उदाहरण जऊळक्याचंच धरू. मालेगाव तालुक्यातलं, अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं हे गाव. इथे एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कार्यालय आहे, आठ-दहा जणांच्या मेलपेट्या आहेत आणि सोयाबीनच्या हंगामात बिलांचा नि तपासणी-अहवालांचा ढीग पडतो. वीज केव्हाही जाते, नेटचाही भरवसा नाही. निवड करायची ती हे ध्यानात ठेवून.

पत्रांची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवायला नको. बर्कलेचं जुनं सेंडमेल ताकदीचं आहे, पण त्याची सेटिंगची फाईल भल्याभल्यांना घाम फोडते. केंब्रिजमध्ये १९९५ साली तयार झालेलं एक्झिम चांगलं आहे. तरी माझं मत पोस्टफिक्सला. आयबीएममध्ये असताना वित्से व्हेनेमा यांनी ते लिहिलं आणि १९९८ मध्ये सर्वांना खुलं झालं. आलेलं पत्र ते आधी डिस्कवर रांगेत लिहून ठेवतं, मगच पाठवणाऱ्या सर्व्हरला ‘मिळालं’ असं कळवतं. आपला सर्व्हर बंद असला, तर पाठवणारा सर्व्हर पत्र स्वतःकडे ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर मूळ सेटिंगनुसार पाच दिवस धीर धरतं. मेलची घडणच तुटक्या लाइनींच्या काळातली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एनसीएसटी या संगणक-संस्थेतून एर्नेट या शैक्षणिक नेटवर्कचा मेल सुरू झाला, तेव्हाही पत्रं साठत आणि फोन लागला की एकगठ्ठा पुढे जात.

खरा प्रश्न साठवणीचा आहे, आणि नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं.

जुनी पद्धत एमबॉक्स. एका पेटीची सगळी पत्रं एकाच लांबलचक फाईलमध्ये, एकाखाली एक. नवं पत्र कुठे सुरू झालं हे ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या ओळीवरून ओळखायचं. पत्राच्या मजकुरातलीच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली तर तिच्यापुढे खूण चिकटवावी लागते, म्हणजे मूळ मजकुरालाच हात लागतो. मधलं एक पत्र काढून टाकलं की त्यापुढचा सगळा भाग सरकवून नव्याने लिहावा लागतो. तेवढ्यात वीज गेली, तर धोका एका पत्राला नसतो, अख्ख्या पेटीला असतो.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या आपल्या मेल-सॉफ्टवेअरसाठी मेलडिर ही पद्धत काढली. यात प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाईल. पेटीत तीन फोल्डर असतात : टीएमपी, न्यू आणि कर. पत्र टीएमपीमध्ये लिहिलं जातं, पूर्ण झालं की न्यूमध्ये जातं, मेल-प्रोग्रॅमच्या नजरेस पडलं की करमध्ये. वाचलेल्या पत्राच्या फाईलच्या नावाशेवटी ‘एस’ लागतो, उत्तर दिलेल्याच्या ‘आर’. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट तुकडा टीएमपीत पडून राहतो आणि बाकीच्या पत्रांना धक्का लागत नाही. खतावणीऐवजी सुटी पाकिटं ठेवावीत, तसं हे.

लाखो पत्रं झाली की बारीक फायलींचा पसारा डिस्कला जड जातो, हे खरं. त्यासाठी डव्हकॉट या पेट्या उघडून देणाऱ्या सॉफ्टवेअरची स्वतःची डीबॉक्स ही पद्धत आहे. पण त्यात वाचलं-न वाचलं या खुणा इंडेक्समध्ये राहतात. तो बिघडला की निस्तरायला जाणता माणूस लागतो, आणि गावात तो वेळेवर मिळेलच असं नाही. आठ-दहा पेट्यांना मेलडिर पुरतं. पेट्या उघडून देण्याचं काम मात्र डव्हकॉटकडेच द्यावं.

बॅकअपलाही मेलडिरच सोयीचं. आरसिंक हे फायलींची प्रत नेणारं साधन रोज रात्री फक्त नव्या फायली नेतं. मध्येच नेट तुटलं तरी गेलेल्या फायली गेलेल्याच राहतात.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम करा. सर्व्हर कार्यालयातच ठेवायचा तर काही गोष्टी नेटवाल्याच्या हातात असतात, म्हणून त्याला तीन गोष्टी विचारा : कायमचा आयपी मिळेल का, त्याची रिव्हर्स नोंद करून देणार का, आणि पोर्ट २५ उघडं आहे का. तीनपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर सर्व्हर मुंबईत भाड्याने घ्या आणि पत्रांची एक प्रत रोज कार्यालयातल्या मशीनवर उतरवा.