क्रोन्स विकार : आतड्याचे दुखणे आणि वेळेचे मोल

पोटाचे दुखणे घरोघरी असते. जेवणाच्या वेळा चुकल्या, प्रवासात पाणी बदलले की पोट बिघडते आणि ओवा-हिंगाष्टकावर ते बरेही होते. मात्र पोटदुखी व जुलाब आठवडेच्या आठवडे हटत नाहीत, वजन उतरते, अधूनमधून बारीक ताप येतो, तेव्हा घरगुती उपायांत वेळ दवडणे योग्य नव्हे. या लक्षणांमागे क्रोन्स हा आतड्यांचा दीर्घकालीन दाहविकार असू शकतो. बहुधा तो तरुण वयात, शिक्षण संपवून पेढीवर बसण्याच्या किंवा संसार मांडण्याच्या काळात डोके वर काढतो.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांच्या अभ्यासातून या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेल्याने क्रोन यांचे नाव रोगाला चिकटले. वास्तविक स्कॉटलंडचे शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी १९१३ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते. १९५६ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर याच विकारामुळे आतड्याची शस्त्रक्रिया करावी लागली.

विकार कसा वाढतो?

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आतड्यातील जीवाणूंविरुद्ध अतिरेकी प्रतिक्रिया देत राहते आणि आतड्याच्या भिंतीला सूज व व्रण येतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही हे घडू शकते. परंतु लहान आतड्याचा शेवटचा भाग अधिक वेळा सापडतो. २००१ मध्ये या विकाराशी संबंधित ‘नॉड-२’ हे जनुक सापडले, तरी केवळ आनुवंशिकतेने तो होत नाही. तो संसर्गजन्य नाही, आणि रुग्णाने काही कुपथ्य केले म्हणून झाला असेही नाही.

हा दाह भिंतीच्या वरच्या थरापुरता राहत नाही, पूर्ण जाडीत उतरतो. त्यामुळे आतडे अरुंद होऊन अन्न अडते, पोटात गळू होते, किंवा आतड्यातून शेजारच्या अवयवाकडे वा त्वचेकडे नळीसारखी वाट फुटते. पुनःपुन्हा होणारे भगंदर हे कधीकधी याच विकाराचे रूप असते. शस्त्रक्रियेनंतरही ते उलटत असेल तर आतड्याची तपासणी करून घ्यावी. सांधे, डोळे व त्वचा यांवरही परिणाम होतो. मुलांची उंची खुंटणे हेच कधी पहिले लक्षण ठरते.

क्षयरोगाशी साम्य

भारतात निदानाची मोठी अडचण आहे ती आतड्याच्या क्षयरोगाची. दोन्ही रोग बहुधा एकाच जागी होतात, दोहोंत वजन घटते, ताप येतो. दुर्बिणीतून दिसणारे व्रणही पुष्कळदा सारखेच असतात. क्षय समजून क्रोन्सच्या रुग्णाला महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली, तर तेवढ्या काळात आतडे आकसत जाते. उलट क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली, तर क्षय शरीरभर पसरू शकतो. म्हणून कोलोनोस्कोपी, ऊतींची बायोप्सी, क्षयजंतूंची चाचणी आणि आतड्याचे स्कॅन यांचा एकत्र विचार करावा लागतो. तरीही उलगडा न झाल्यास क्षयाची औषधे सुरू करून सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. नुसते बरे वाटणे पुरेसे नाही. व्रण भरलेले दिसले पाहिजेत.

उपचारांची दिशा

पूर्वी आधी स्टिरॉइड, मग अझाथायोप्रिन आणि शेवटी जैविक औषधे अशी पायरी चढत जाण्याचा प्रघात होता. क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब या पहिल्या जैविक औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘प्रोफाइल’ अभ्यासाने हा क्रमच बदलावा असे सुचवले. नुकतेच निदान झालेल्या ३८६ रुग्णांपैकी ज्यांना आरंभापासूनच इन्फ्लिक्सिमॅब व जोडीचे औषध दिले, त्यांच्यातील ७९ टक्के रुग्ण वर्षभर स्टिरॉइड व शस्त्रक्रियेवाचून बरे राहिले; पायरीपायरीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. गेलेला वेळ म्हणजे गमावलेले आतडे, हा याचा अर्थ. ही औषधे महाग आहेत आणि ती देण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावी लागते. अझाथायोप्रिन घेताना रक्तपेशींची नियमित तपासणी आवश्यक असते. भारतीयांत आढळणाऱ्या एका जनुकीय भेदामुळे काहींच्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. शस्त्रक्रियेने खराब भाग काढला तरी विकार पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून त्यानंतरही देखरेख लागते.

कुटुंबाने काय जपावे?

ब-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जाते. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते, म्हणून त्याची तपासणी अवश्य करावी. तो भाग काढलेला असेल तर बहुधा इंजेक्शने लागतात. दाह सक्रिय असताना शरीराला प्रथिने व उष्मांक जास्त लागतात. अशा वेळी अठ्ठाईसारख्या दीर्घ उपवासाचा संकल्प डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चौविहार पाळणाऱ्यांना औषधांच्या वेळा बहुधा दिवसा बसवून मिळतात. त्यासाठी गोळी चुकवण्याचे कारण नाही. धूम्रपानाने विकार बळावतो आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेणे घातक ठरू शकते.

सर्वांत अधिक हानी होते ती लपवण्याने. स्थळे पाहताना अडचण नको म्हणून मुलीचा आजार झाकला जातो आणि लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून औषध बंद होते. विकार शांत असताना गर्भ राहिल्यास बहुतेक स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते. मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे मात्र गर्भधारणेआधीच बदलावी लागतात. हे नियोजन दोन्ही घरांना आजार ठाऊक असेल तरच शक्य आहे. क्रोन्स समूळ जात नाही, पण आवाक्यात राहतो. असा रुग्ण दुकान चालवतो, मुले वाढवतो, प्रवास करतो. त्यासाठी वेळेवर निदान, नियमित औषध आणि घरच्यांची मोकळी साथ एवढेच त्याला हवे असते.