डाव्या पॅडलची विद्या

२६ मार्च १९८९ रोजी रिओ दि जानेरोच्या जाकारेपाग्वा सर्किटवर फॉर्म्युला वनच्या हंगामातील पहिली शर्यत होती. नायजेल मॅन्सेल फेरारीकडून प्रथमच उतरत होता. जॉन बर्नार्ड या इंग्लिश अभियंत्याने आखलेल्या त्याच्या ‘६४०’ गाडीत गिअरचा दांडा नव्हताच. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती, म्हणजे पॅडल, होती. उजवे ओढले की वरचा गिअर, डावे ओढले की खालचा. क्लचचे पेडल होते, पण ते गाडी जागेवरून हलवण्यापुरते. चाचण्यांमध्ये ही यंत्रणा इतक्या वेळा बंद पडली होती की मॅन्सेलने घरी परतायला लवकरच्या विमानाची सोय करून ठेवली होती. ती शर्यत त्याने जिंकली. त्या वर्षी ६४० अनेकदा अर्ध्यावर थांबली. मात्र ज्या शर्यती तिने पूर्ण केल्या, त्या साऱ्यांत ती पहिल्या तिघांत होती. बिघाडांचे मूळही बऱ्याच अंशी गिअरबॉक्समध्ये नव्हते, त्याला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेत होते.

बर्नार्डचा मूळ हेतू गाडीचा पुढचा भाग अरुंद करण्याचा होता. दांडा आणि त्याच्या जोडण्या गेल्या की चालकाची बैठक आवळता येते आणि हवेचा विरोध घटतो. पण चालकांना लगेच उमगलेला फायदा वेगळा होता : वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर राहत होते आणि चुकीचा गिअर पडण्याची भीती संपली होती. १९९६ च्या हंगामापर्यंत फॉर्म्युला वनमधून दांडा हद्दपार झाला. १९९७ मध्ये फेरारीने ‘एफ३५५ एफ१’ या रस्त्यावरच्या गाडीला हीच पाती बसवली.

आज ही पाती चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीच्या ऑटोमॅटिक गाडीलाही असतात. चेन्नईत जुळवणी होणाऱ्या बीएमडब्ल्यू एम३४०आयला असतात. अनेक गाड्यांत शेजारी ‘स्पोर्ट’, ‘कम्फर्ट’, ‘इको’ अशी मोडची बटणे किंवा पडद्यावरचे पर्याय असतात. यांसाठी लाखो रुपये मोजणारे बहुतेक मालक पहिल्या आठवड्यात पॅडल ओढून इंजिनचा आवाज ऐकतात आणि मग आयुष्यभर ‘डी’मध्ये गाडी चालवतात. म्हणूनच या लेखाचा प्रपंच. पॅडल हे वेगाचे खेळणे आहे, हा समज घातक आहे. त्याचा खरा उपयोग वेग आवरण्यात आहे, आणि आपल्या सह्याद्रीत तो पावलोपावली पडतो.

पेटीच्या आत

ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गिअरच्या पेट्यांचे अनेक प्रकार आहेत. वेगवान गाड्यांत त्यांपैकी दोन महत्त्वाचे. पहिला टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते. एका बाजूचे पाते तेल फिरवते आणि ते तेल दुसऱ्या बाजूचे पाते फिरवते. या घसरणीमुळे जुन्या ऑटोमॅटिक गाड्या सुस्त वाटत आणि पेट्रोल पीत. २००९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमधून आलेल्या झेडएफ कंपनीच्या ‘८एचपी’ पेटीने हे चित्र पालटले. आठ गिअर, त्यांत पहिल्या आणि आठव्याच्या प्रमाणात सुमारे सातपट अंतर, आणि गाडी हलल्यावर लवकरच कन्व्हर्टर घट्ट जोडून टाकणारा लॉकअप क्लच. घसरण संपली की पॅडलच्या हुकमाला लगेच उत्तर मिळते. एम३४०आयमध्ये हीच पेटी आहे.

दुसरा प्रकार ड्युअल क्लचचा. आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने १९३९ मध्येच त्याची कल्पना मांडली होती. एक, तीन, पाच हे विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर. तिसऱ्यात गाडी धावत असताना चौथा आधीच जोडून तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. पोर्शने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर ही पेटी घासूनपुसून तयार केली. रस्त्यावर ती २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून उतरली आणि पोर्शच्या ९११ मध्ये २००८ साली आली. व्हर्टस जीटीतील सात गिअरच्या पेटीत कोरडे क्लच असतात. चढावर रांगत्या कोंडीत ते सतत अर्धवट घासले जातात आणि तापतात. म्हणून अशा गाडीच्या मालकाने चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये. ब्रेक दाबून थांबावे आणि पुढे पुरेशी जागा झाली की एकदम निघावे.

यंत्राला काय दिसते

‘डी’मध्ये गिअर कोण ठरवते? पेटीचा संगणक. गाडीचा वेग, अ‍ॅक्सिलरेटर किती आणि किती झटक्यात दाबला, रस्त्याचा चढ-उतार, स्टिअरिंगचा कोन, ब्रेकचा दाब हे सारे तो सेकंदाला अनेकदा तपासतो. पण ही सगळी माहिती घडून गेलेल्या किंवा आत्ता घडत असलेल्या गोष्टींची असते. दीडशे मीटरवरचे आंधळे वळण त्याला कळत नाही. चालकाला ते दिसत असते.

ही उणीव निर्मात्यांनाही ठाऊक आहे. रोल्स-रॉइसने २०१३ मध्ये ‘रेथ’ या गाडीत उपग्रहाच्या मदतीने पुढचा रस्ता वाचून गिअर निवडणारी पेटी दिली. तरीही नकाशात वळण असते; वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक, रस्त्यात बसलेली म्हैस किंवा काल रात्रीच्या पावसात आलेली दरड नसते. ते पाहणारे डोळे चालकाचेच. चालकाने जे आधी पाहिले, ते यंत्राला आधी सांगण्याचे साधन म्हणजे पॅडल.

मोकळ्या रस्त्यावर पुढच्या गाडीला मागे टाकायचे असेल तर हा फरक लगेच कळतो. इंधन वाचावे म्हणून पेटीने वरचा गिअर धरलेला असतो आणि इंजिन जेमतेम दीड हजार आरपीएमवर फिरत असते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर खाली रेटला की पेटी आधी दोन-तीन गिअर उतरते, टर्बोत दाब भरतो आणि मग गाडी झेपावते. मधला क्षण समोरून येणाऱ्या वाहनाच्या हिशेबात मोठा असतो. त्याऐवजी समोरचा रस्ता मोकळा दिसू लागताच, बाहेर पडण्याआधीच, डावे पॅडल दोनदा ओढावे. इंजिन तीन हजारांवर येऊन थांबते आणि पाय दाबताच ताकद हजर असते. २०२१ मध्ये भारतात आलेल्या एम३४०आयच्या तीन लिटर इंजिनाला ३८७ हॉर्सपॉवर होती आणि ५०० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क सुमारे १८०० ते ५००० आरपीएमपर्यंत मिळत असे. अशा टर्बो इंजिनाला लाल रेषेपर्यंत पिळण्याची गरजच नसते; मधल्या पट्ट्यात राहिले की काम होते.

उतारावरचा हिशेब

आता घाट. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे १२०० मीटर खाली येते. माणसांसह १७०० किलो वजनाच्या गाडीची या उंचीत साठलेली ऊर्जा सुमारे २ कोटी जूल, म्हणजे साडेपाच युनिट विजेएवढी भरते. हवेचा आणि टायरचा विरोध तिचा काही भाग खातो. उरलेली कुठेतरी जिरवावीच लागते. फक्त ब्रेक वापरले तर ती सारी उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल यांच्या वाट्याला येते.

डॉट ४ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतील ओलावा शोषते, आणि ओलावलेल्या ऑइलसाठीची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही; म्हणून पेडल नरम पडते आणि पार खाली जाते. घाटात ‘ब्रेक फेल झाला’ अशा ज्या बातम्या येतात, त्यांतील काहींच्या मागे ही साधी भौतिकी असते. कोकणासारख्या दमट हवेत राहणाऱ्यांनी तर ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवे.

एसटीचे जुने चालक नवख्यांना सांगत आले आहेत की ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. पॅडल ही तीच शिकवण ऑटोमॅटिक गाडीत आणते. खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाके इंजिनाला फिरवू लागतात, इंजिन हवा ओढण्या-दाबण्यात ऊर्जा खर्च करते आणि गाडी आवरली जाते. उतार सुरू होण्यापूर्वीच तिसरा, वळणे तीव्र असतील तर दुसरा गिअर घ्यावा. ब्रेक वळणाआधी थोडा वेळ पण ठाम दाबावा आणि सोडावा. उतारभर पाय त्यावर टेकवून ठेवू नये. वेग जास्त असताना डावे पॅडल ओढले तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरू नये म्हणून पेटी हुकूम नाकारते. हा नकार म्हणजे आपण उशीर केल्याची सूचना समजावी.

न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की पेट्रोल वाचते, हा समज अजून अनेकांच्या मनातून जात नाही. आधुनिक इंजिनात तो उलटा आहे. गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि इंजिन पुरेशा आरपीएमवर असले, तर संगणक इंधनाचा पुरवठाच बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळत राहते. म्हणजे पैसे खर्चून आपण आपलाच एक ब्रेक काढून ठेवतो.

एक तपशील मालकाने आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जरूर पाहावा. ‘डी’मध्ये असताना पॅडल ओढले तर मिळालेला ताबा अनेक गाड्यांत तात्पुरता असतो, काही वेळाने पेटी पुन्हा स्वतः निर्णय घेऊ लागते आणि उताराच्या मध्यावर वरचा गिअर टाकू शकते. लांब घाटासाठी लिव्हर मॅन्युअलमध्ये घेऊनच पॅडल वापरावे. पाती कुठे बसवली आहेत यानेही सवय बदलते. फेरारीत ती स्टिअरिंगच्या खांबाला स्थिर असतात, बहुतेक जर्मन गाड्यांत चाकाबरोबर फिरतात. फिरणाऱ्या पात्यांत हेअरपिनसारख्या वळणावर डावे-उजवे हरवते. दोन्ही प्रकारांवर उपाय एकच : गिअर वळणाआधी, स्टिअरिंग सरळ असताना बदलावा.

मोड काय बदलतो

स्पोर्ट मोड निवडल्याने इंजिनाची कमाल ताकद सहसा वाढत नाही. अ‍ॅक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यात आता तार नसते, मध्ये संगणक असतो. पाऊल तेवढेच दाबले तरी स्पोर्टमध्ये थ्रॉटल अधिक उघडतो, इकोमध्ये कमी. शिवाय गिअर उशिरा वर जातात, स्टिअरिंग जड होते आणि ज्या गाड्यांत बदलते शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहेत तिथे ते कडक होतात. काही गाड्यांत स्पोर्ट प्लससारखे टोकाचे मोड स्टॅबिलिटी कंट्रोलला उशिरा हस्तक्षेप करायला सांगतात. ही सूट शर्यतीच्या ट्रॅकसाठी आहे. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट किंवा कोइम्बतूरचा कारी स्पीडवे ही तिची जागा. ताम्हिणी घाट नव्हे.

सगळे काही एकदम कडक करण्याची चूक निर्मात्यांनीच आधी ओळखली. २००७ च्या फेरारी ४३० स्कुडेरियामध्ये इंजिन आणि पेटी तल्लख ठेवून शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेवढे मऊ करणारे वेगळे बटण आले. त्याचे श्रेय मायकेल शूमाखरच्या सूचनेला दिले जाते. कारण साधे आहे. खडबडीत रस्त्यावर कडक गाडी उसळते, आणि उसळलेल्या टायरला पकड नसते. आपल्या रस्त्यांना हे तंतोतंत लागू आहे. ‘इंडिव्हिज्युअल’ मोड असेल त्याने तो एकदाच बसून लावून घ्यावा : इंजिन आणि पेटी स्पोर्टमध्ये, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्टिअरिंग कम्फर्टमध्ये, स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण चालू.

पावसाळ्यात मात्र उलटे करावे. आषाढात शेवाळलेल्या, चिखलाळ रस्त्यावर तल्लख थ्रॉटल चाके घसरवतो आणि एकदम टाकलेला खालचा गिअरही चाके अडकवू शकतो. संगणक हे काही प्रमाणात सावरतो, पण पकड निर्माण करू शकत नाही. तिथे कम्फर्ट किंवा इको मोड आणि एकावेळी एकच गिअर, तोही लवकर, हा नियम पाळावा.

बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बदलायचे गिअर उरले नाहीत, काहींत पॅडल उरले आहे. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीमध्ये आणि ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये ते ओढून, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मोटर किती जोराने गाडी आवरेल, हे ठरवता येते. घाट उतरताना ही मोटर जनित्र होते आणि ब्रेकमध्ये जळून गेली असती ती ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत परत येते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर मात्र ही ऊर्जा घ्यायला जागा नसते. म्हणून घाटमाथ्यावरून निघताना ती शंभर टक्के भरू नये.

ज्यांच्या गाडीला ही दोन पाती आहेत, त्यांना एवढेच आग्रहाने सांगणे आहे : उद्या-परवा वाहतूक कमी असताना ओळखीच्या, सौम्य उतारावर जा, लिव्हर मॅन्युअलमध्ये घ्या आणि डावे पॅडल वेळेआधी ओढण्याचा सराव करा. कुटुंबासह कोकणात उतरण्याआधी ही सवय हाताला लागलेली असू द्या आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, ते सर्व्हिसच्या नोंदीत पाहून घ्या.